फ्रस्ट्रेटेड रेअर-अर्थ ऑक्साइड: पहिल्या पुडीपासून पहिल्या निष्कर्षापर्यंत

डिस्प्रोसियम टायटनेट आणि डिस्प्रोसियम झिर्कोनेट या दोन भुकट्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फारसा फरक कळत नाही. दोन्ही पांढरट. दर सूत्रामागे डिस्प्रोसियमचे अणू दोन्हींत दोनच, ऑक्सिजन सातच. पण दोन्ही एका केल्विनच्या खाली नेल्या की त्यांचं वागणं पार बदलतं. पहिलीत स्पिन आइस नावाची विलक्षण अवस्था येते, दुसरीत तिचा माग लागत नाही. टायटनेटमध्ये धातूचे अणू आपापल्या ठरलेल्या जागी बसलेत, तर झिर्कोनेटमध्ये डिस्प्रोसियम आणि झिर्कोनियम एकमेकांच्या जागांवर वाटेल तसे बसलेत. फरक तिथे आहे.

एमएस्सी करून नुकतेच या विषयात आलेल्यांसाठी हे लिहितोय. पुस्तकात सिद्धान्त मिळतो, पेपरमध्ये निष्कर्ष मिळतो. मधलं काम (भाजणं, तोलणं, दळणं, आलेख काढणं आणि आलेखावर संशय घेणं) कुणी लिहून ठेवत नाही. माझं म्हणणं एकच आहे आणि ते प्रत्येक पायरीला पुन्हा येईल: तापमान उतरवण्याआधी अणू कुठे बसलेत ते पाहा.

कोंडी आणि गोंधळ

फ्रस्ट्रेशन समजायला भाऊबंदकी पुरते. तीन भाऊ आहेत, प्रत्येकाला उरलेल्या दोघांच्या विरुद्ध मत द्यायचंय, आणि मतं दोनच आहेत: हो किंवा नाही. पहिला हो म्हणाला, दुसरा नाही म्हणाला. आता तिसऱ्याने काय म्हणायचं? काहीही म्हटलं तरी एकाशी त्याचं मत जुळतंच. त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर बसलेल्या, एकमेकांच्या उलट दिशेला राहू पाहणाऱ्या स्पिनांची (अणूंच्या चिमुकल्या चुंबकांची) हीच कोंडी होते. सगळ्यांचं समाधान करणारी एक रचना नसते, पण सारख्याच ऊर्जेच्या पुष्कळ रचना असतात. १९५० साली वानिये यांनी त्रिकोणी जालकाचं हे गणित सोडवून दाखवलं की शून्य तापमानालाही एन्ट्रॉपी शिल्लक राहते. 'फ्रस्ट्रेशन' हा शब्द मात्र १९७७ मध्ये तुलूझ यांनी रूढ केला.

आपल्या ऑक्साइडांत त्रिकोणाऐवजी बहुधा चतुष्फलक असतात. पायरोक्लोर रचनेत रेअर-अर्थ आयन कोपऱ्याला कोपरा जोडलेल्या चतुष्फलकांच्या जाळ्यावर बसतात. डिस्प्रोसियम किंवा होल्मियम टायटनेटमध्ये प्रत्येक स्पिनला फक्त चतुष्फलकाच्या आत किंवा बाहेर पाहता येतं, आणि सर्वांत कमी ऊर्जा 'दोन आत, दोन बाहेर' या मांडणीला लागते. पाण्याच्या बर्फात प्रत्येक ऑक्सिजनपाशी दोन हायड्रोजन जवळ आणि दोन दूर असतात, तोच हा नियम. म्हणून नाव स्पिन आइस. होल्मियम टायटनेटमध्ये हे १९९७ मध्ये ओळखलं गेलं.

गोंधळ, म्हणजे रचनेतला डिसऑर्डर, ही वेगळी गोष्ट आहे. नवखे इथेच दोन्ही एकत्र करतात. कोंडी जालकाच्या भूमितीतून येते. गोंधळ भट्टीतून येतो, किंवा आयनांच्या आकारातून. पण दोघांचे परिणाम बाहेरून इतके सारखे दिसतात, की स्पिन क्रमात लागत नाहीत ते भूमितीमुळे की अव्यवस्थेमुळे, हे ओळखणं हेच या क्षेत्रातलं अर्धं काम आहे.

पायरी १: जोडी निवडा, त्रिज्यांचा भागाकार करा

सूत्राचा साचा ए२बी२ओ७ असा असतो. ए-जागेवर रेअर-अर्थ, बी-जागेवर टायटेनियम, झिर्कोनियम, हाफ्नियम किंवा टिन. भट्टी लावण्याआधी कागदावर एक भागाकार करा: ए आयनाची त्रिज्या (आठ शेजारी धरून) भागिले बी आयनाची त्रिज्या (सहा शेजारी धरून). उत्तर साधारण १.४६ ते १.७८ मध्ये आलं तर पायरोक्लोर बनतं. त्याखाली गेलं तर दोन्ही धातूंना आपापली जागा राखून ठेवण्याइतका आकारात फरकच उरत नाही. ते एकाच जागेवर सरमिसळ बसतात, आणि हाती येतं ते 'डिफेक्ट फ्लुओराइट'.

डिस्प्रोसियम १.०२७ अँगस्ट्रॉम, टायटेनियम ०.६०५. भागाकार १.७०, निर्धास्त पायरोक्लोर. झिर्कोनियम ०.७२ घेतलं की १.४३, म्हणजे फ्लुओराइट. निओडिमियम १.१०९, त्यामुळे निओडिमियम झिर्कोनेट १.५४, पुन्हा पायरोक्लोर. आणि गॅडोलिनियम झिर्कोनेट? १.०५३ भागिले ०.७२ म्हणजे बरोब्बर १.४६. कुंपणावर बसलेला गडी. तो सुमारे १५३० अंश सेल्सियसच्या वर फ्लुओराइट असतो आणि खाली पायरोक्लोर. म्हणजे तुम्ही भट्टी कशी थंड केली यावर नमुना ठरतो. डिसऑर्डरचा अभ्यास करायचा असेल तर यासारखी जोडी नाही, आणि डिसऑर्डर टाळायचा असेल तर यासारखी डोकेदुखी नाही.

फ्लुओराइटमध्ये नेमकं काय बिघडतं? कोपऱ्यांनी जोडलेल्या चतुष्फलकांचं जाळंच मोडतं. धातूंच्या जागांचं साधं फलककेंद्री घनाकार जालक उरतं, त्यातली निम्मी घरं चुंबकीय आणि निम्मी चुंबकत्व नसलेली, तीही चिठ्ठ्या टाकून वाटलेली. ऑक्सिजनच्या दर आठ जागांमागे एक रिकामी, तीसुद्धा कुठेही. त्यामुळे प्रत्येक रेअर-अर्थ आयनाच्या भोवतालचं विद्युतक्षेत्र शेजाऱ्यापेक्षा निराळं असतं.

निवडताना आणखी एक गोष्ट बघा: ४एफ कक्षेतले इलेक्ट्रॉन विषम आहेत की सम. विषम असतील (निओडिमियम ३, गॅडोलिनियम ७, डिस्प्रोसियम ९, अर्बियम ११, यटर्बियम १३) तर क्रेमर्सच्या प्रमेयामुळे तळाची ऊर्जापातळी किमान जोडीची राहते. भोवताल कितीही वाकडातिकडा झाला तरी चुंबकीय क्षेत्राशिवाय ती जोडी फुटत नाही. सम असतील (प्रेसिओडिमियम २, टर्बियम ८, होल्मियम १०) तर हे कवच नसतं. भोवतालची थोडीशी विकृतीही जोडी फोडते, आणि हे फुटणं स्पिनला आडव्या चुंबकीय क्षेत्रासारखं छळतं. म्हणून तेवढाच डिसऑर्डर प्रेसिओडिमियम झिर्कोनेटमध्ये जेवढा बोलतो तेवढा निओडिमियमच्या भावंडात बोलत नाही. पहिला नमुना असेल तर माझा सल्ला: क्रेमर्सवाला घ्या.

पायरी २: तोलण्याआधी भाजा

पाच ग्रॅम डिस्प्रोसियम टायटनेट करायचं आहे. सूत्रभार ५३२.७. डिस्प्रोसियम ऑक्साइड ३.५०१ ग्रॅम, टायटेनियम डायऑक्साइड १.४९९ ग्रॅम. गणित सोपं आहे. चूक बाटलीत असते.

रेअर-अर्थ ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पितात. लँथेनम सगळ्यांत हावरट, निओडिमियम त्याच्या मागोमाग. जड बाजूला ही खोड बरीच कमी होते. मी अगदी सुरुवातीला जालकासाठी संदर्भ-नमुना म्हणून लँथेनम झिर्कोनेट करायला घेतलं आणि उघडलेल्या बाटलीतून सरळ तोललं. लेबलवर शुद्धता ९९.९९ टक्के, मग काळजी कसली! लँथेनम ऑक्साइड पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर वजन सुमारे १६.६ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे दहा ग्रॅम तोललं तर खरं ऑक्साइड जेमतेम ८.६ ग्रॅम. तीन भट्ट्या झाल्यावरही एक्सआरडीत (एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या आलेखात) २८ आणि ३१.५ अंशांजवळ झिर्कोनियाच्या रेषा हटेनात. आठवडाभर मी भट्टीला शिव्या घातल्या. दोष वजनकाट्यापाशी झाला होता.

तेव्हा ऑक्साइड रात्रभर ९०० ते १००० अंशांवर भाजा, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये ठेवा आणि निवताच तोला. प्रेसिओडिमियम आणि टर्बियम यांच्या बाटलीवरचं सूत्र नीट वाचा. ते सहसा पीआर६ओ११ आणि टीबी४ओ७ या रूपात येतात, आणि दोन-तीनच्या सूत्राने हिशेब केला की पहिल्या दिवशीच गुणोत्तर चुकतं.

मग अगेटच्या खलात प्रोपेनॉल किंवा अॅसिटोन घालून निदान पाऊण तास घोटा. पाऊण तास म्हणजे घड्याळातला पाऊण तास. गोळी दाबा, अॅल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये तळाला त्याच मिश्रणाची थोडी भुकटी पसरून वर गोळी ठेवा, म्हणजे अॅल्युमिनियम वर चढणार नाही. टायटनेटना १२०० ते १३५० अंश, मधूनमधून पुन्हा घोटून तीन-चार फेऱ्या. झिर्कोनेटना १५०० च्या आसपास किंवा वर. प्रत्येक फेरीचं तापमान, तास आणि थंड करण्याचा वेग वहीत लिहा. वेग लिहायचा राहतोच, आणि सहा महिन्यांनी तोच हवा असतो.

एकस्फटिक हवा असेल तर फ्लोटिंग झोन भट्टी लागते. पुण्याच्या आयसरसारख्या ठिकाणी ती सोय आहे. पण वितळवून वाढवलेला स्फटिक भुकटीपेक्षा 'चांगला' असतोच असं धरून चालू नका. यटर्बियम टायटनेटने हा धडा सगळ्यांना दिला. काळजीने केलेल्या भुकटीत विशिष्ट उष्मेचं एकच टोकदार शिखर ०.२६५ केल्विनला दिसतं, स्फटिकांत तेच पसरट होतं किंवा खाली सरकतं. २०१२ मध्ये न्यूट्रॉनने पाहिलं तेव्हा कळलं की स्फटिकात सुमारे दोन टक्के टायटेनियमच्या जागांवर जादा यटर्बियम घुसलंय. याला 'स्टफिंग' म्हणतात. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ज्या अवस्थेची ऊर्जा पाव केल्विनची, तिला ते पुरतात. दुसरा रोग ऑक्सिजन कमी पडण्याचा. असे टायटनेट स्फटिक काळपट दिसतात, आणि ऑक्सिजनच्या प्रवाहात अॅनील केले (पुन्हा तापवले) की रंग उजळतो. रंग ही फुकटची चाचणी आहे, ती करा.

पायरी ३: अणू कुठे बसलेत?

एक्सआरडीत पायरोक्लोर आणि फ्लुओराइट यांच्या मोठ्या रेषा जवळजवळ एकाच जागी येतात. पायरोक्लोरचा घनकोष फ्लुओराइटच्या दुप्पट लांबीचा असतो (सुमारे १० अँगस्ट्रॉम, त्याच्या निम्मा फ्लुओराइटचा), त्यामुळे क्रम असेल तर काही जादा, बारक्या रेषा उमटतात: (१११), (३११), (३३१), (५११). तांब्याच्या किरणांवर (१११) साधारण १४ ते १५ अंशांना आणि (३३१) ३७ ते ३९ अंशांना सापडते. या रेषा दिसतात का, आणि मोठ्या रेषांइतक्याच टोकदार आहेत का, हे पाहा. मोठ्या रेषा सुईसारख्या आणि जादा रेषा बसक्या असतील तर क्रम छोट्या-छोट्या तुकड्यांपुरताच आहे. घाईघाईच्या स्कॅनमध्ये या रेषा पार्श्वभूमीत बुडतात. रात्रभराचा सावकाश स्कॅन लावून घरी जा.

आता एक्स-रेच्या मर्यादा. ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन आठ, डिस्प्रोसियमचे सहासष्ट. ऑक्सिजनच्या जागेतली रिकामी घरं एक्स-रेला जवळपास दिसतच नाहीत. इथे रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशातून अणूंची कंपनं पाहणं) उपयोगी पडतं: पायरोक्लोरमध्ये रामनला सहा कंपनं दिसतात, आदर्श फ्लुओराइटमध्ये एकच, आणि डिसऑर्डर वाढला की सगळ्याचं मिळून एक रुंद टेकाड होतं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण आळसापायी पुष्कळ जण करत नाहीत.

खरा निकाल न्यूट्रॉन देतो. टायटेनियमची न्यूट्रॉन विखुरण्याची लांबी ऋण असते आणि रेअर-अर्थची धन, त्यामुळे टायटेनियमच्या जागेवर परका बसला की न्यूट्रॉनला लगेच कळतं. आपल्याकडे मुंबईत तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनची सोय आहे, आणि विद्यापीठांतल्या लोकांना यूजीसी-डीएई सीएसआर या सामाईक संशोधन-संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत तिथे पोचता येतं. अर्ज करण्याआधी एक पाहा: गॅडोलिनियम न्यूट्रॉन अक्षरशः गिळतं आणि डिस्प्रोसियमही कमी खात नाही. स्पिन आइसवरचं न्यूट्रॉनचं काम होल्मियमवर जास्त झालंय ते यामुळेच. डिस्प्रोसियमच हवं असेल तर डिस्प्रोसियम-१६२ सारखं समस्थानिक विकत घ्यावं लागतं. त्याची किंमत गाइडना विचारा, मी सांगत नाही.

रिएटव्हेल्ड (मोजलेल्या आलेखावर रचनेचं मॉडेल बसवणं) करताना जागांचं भरण आणि औष्णिक कंपन एकदम मोकळं सोडू नका. दोघं एकमेकांच्या चुका झाकतात. आकडे सुंदर येतात आणि खोटे असतात.

पायरी ४: मॅग्नेटायझेशन

रेअर-अर्थचे चुंबकीय मोमेंट मोठे असतात. स्क्विडला (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राला) दहा मिलिग्रॅम पुष्कळ झाले. भुकटी मेणात किंवा तसल्याच कशात पक्की बसवा, कारण अनायसोट्रॉपी (ठरावीक दिशेचा ओढा) इतकी जबरदस्त असते की मोकळे कण क्षेत्रात स्वतःच वळून उभे राहतात आणि तुम्हाला भलताच आलेख मिळतो.

ससेप्टिबिलिटीचा (क्षेत्राला मिळणाऱ्या चुंबकीय प्रतिसादाचा) व्यस्तांक तापमानासमोर मांडा, सरळ रेषा बसवा, क्युरी स्थिरांक काढा. डिस्प्रोसियमसाठी तो सीजीएस एककांत दर मोल डिस्प्रोसियममागे १४.१ च्या आसपास यायला हवा. त्याला आठने गुणून वर्गमूळ घेतलं की १०.६ बोर मॅग्नेटॉन. उत्तर १५ आलं तर घाबरू नका, नवीन भौतिकशास्त्र सापडलेलं नाही. दर मोल संयुगामागे हिशेब केलाय, आणि संयुगात डिस्प्रोसियम दोन आहेत.

आता थीटा, म्हणजे क्युरी-वाइस तापमान: तीच सरळ रेषा तापमानाच्या अक्षाला जिथे छेदते ते. फ्रस्ट्रेशनचं माप म्हणून थीटाच्या निरपेक्ष मूल्याला क्रम येण्याच्या तापमानाने भागतात. उत्तर दहाच्या वर गेलं की फ्रस्ट्रेशन जबर मानायचं. पण भाजक मोजण्याआधी भाज्य तपासा. रेअर-अर्थमध्ये थीटा दोन वाटांनी फसवतो.

पहिली वाट स्फटिकक्षेत्राची, म्हणजे भोवतालच्या आयनांच्या विद्युतक्षेत्राची. १०० ते ३०० केल्विनमध्ये रेषा बसवली की वक्राचा बाक वरच्या ऊर्जापातळ्यांमुळे येतो आणि थीटा मोठा ऋण निघतो. त्याचा शेजाऱ्यांच्या परस्परक्रियेशी संबंध नसतो. यटर्बियममध्ये तर तो काही दशक केल्विनही निघू शकतो, जेव्हा खरी परस्परक्रिया दोन-चार केल्विनची असते. पहिली उत्तेजित पातळी कुठे आहे ते पाहा (एक मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे ११.६ केल्विन) आणि तिच्या पुष्कळ खाली रेषा बसवा. मोमेंटही मग मुक्त आयनाचा न येता तळाच्या जोडीचा येईल, तो तसाच यायला हवा.

दुसरी वाट डीमॅग्नेटायझेशनची, म्हणजे नमुन्याच्या आकारामुळे आतलं क्षेत्र कमी होण्याची. ही मी थोडी सविस्तर सांगतो, कारण 'ही किरकोळ दुरुस्ती' असं म्हणून लोक सोडून देतात. डिस्प्रोसियम टायटनेटमध्ये मोमेंट १० बोर मॅग्नेटॉन आणि घनता मोठी. दर घनफळामागचा क्युरी स्थिरांक एसआय एककांत चार केल्विनच्या आसपास निघतो. नमुना घट्ट गोलासारखा असेल तर डीमॅग्नेटायझेशन गुणक एक-तृतीयांश. गुणाकार सुमारे १.३ केल्विन. तेवढ्याने तुमचा मोजलेला थीटा खऱ्यापेक्षा खाली सरकतो. या संयुगाचा खरा थीटा अधिक अर्धा ते एक केल्विन. म्हणजे दुरुस्ती उत्तरापेक्षा मोठी! दुरुस्तीविना तुम्ही फेरोमॅग्नेटिक वस्तूला अँटीफेरोमॅग्नेटिक ठरवून मोकळे व्हाल. गोळीची लांबी-रुंदी मोजून वहीत लिहा.

दोन केल्विनला क्षेत्र वाढवत नेलं की भुकटीचा वक्र पाच बोर मॅग्नेटॉनजवळ, पूर्ण मोमेंटच्या निम्म्यावर, सपाट होतो. हे प्रत्येक आयनाला एकच अक्ष असल्याचं लक्षण आहे. त्यावरून 'स्पिन आइस आहे' असं लिहू नका. एकेकट्या आयनाचं हे वागणं, शेजाऱ्यांनी काय ठरवलंय ते त्यात दिसत नाही.

पायरी ५: एसी ससेप्टिबिलिटी

क्षेत्राविना थंड केलेला आणि क्षेत्रात थंड केलेला असे दोन वक्र फाकले की काहीतरी गोठलंय एवढं कळतं. काय गोठलं, हे एसी, म्हणजे उलटसुलट होणाऱ्या क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद, सांगतं. वारंवारता बदलत शिखर कुठे सरकतं ते बघा. समजा १० हर्ट्झला शिखर १.०० केल्विनला आहे आणि १००० हर्ट्झला १.०५ ला. वारंवारता दोन दशकांनी (शंभर पट) वाढली, शिखर ०.०५ ने. ०.०५ भागिले (१.०० गुणिले २), म्हणजे ०.०२५. तांबे-मँगनीजसारख्या अस्सल स्पिन ग्लासमध्ये (जिथे स्पिन वाटेल त्या दिशांना गोठतात) हा आकडा ०.००५ च्या आसपास असतो, एकमेकांशी न बोलणाऱ्या सुट्या कणांत ०.१ च्या वर. आपला मधला आला, म्हणजे स्पिनांचे गट-गट गोठत असावेत.

साधा अऱ्हेनियस नियमही बसवून पाहा. त्यातून निघणारा मूळ काळ १०⁻⁹ ते १०⁻¹³ सेकंदांत असेल तर ठीक. १०⁻³⁰ निघाला तर स्पिन एकेकटे उड्या मारत नाहीत, हा नियमच इथे लागू नाही.

डिस्प्रोसियम टायटनेटमध्ये १६ केल्विनजवळ एक शिखर येतं आणि एक केल्विनच्या खाली खरं गोठणं सुरू होतं. पहिलं बघून बरेच जण उड्या मारतात. ते एकेका आयनाच्या शिथिलनाचं आहे, स्पिन आइस होण्याच्या कितीतरी आधीचं.

पायरी ६: उष्मा मोजा, आणि थांबा

स्पिन आइसचा सगळ्यांत देखणा पुरावा १९९९ मध्ये आला. रामिरेझ आणि सहकाऱ्यांच्या त्या कामात सैद्धान्तिक बाजू सांभाळणारे सिद्धार्थन आणि श्रीराम शास्त्री हे तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. हिशेब असा. प्रत्येक स्पिनला दोन पर्याय, म्हणून पूर्ण एन्ट्रॉपी आर (वायू स्थिरांक) गुणिले लॉग २, म्हणजे ५.७६ ज्यूल दर मोल दर केल्विन. चतुष्फलकाच्या १६ मांडण्यांपैकी 'दोन आत, दोन बाहेर' च्या फक्त ६. बर्फासाठी पॉलिंग यांनी १९३५ मध्ये केलेला हिशेब इथे लावला की आर भागिले २ गुणिले लॉग दीड, म्हणजे १.६९, एवढी एन्ट्रॉपी शेवटपर्यंत शिल्लक राहायला हवी. म्हणून मोजताना ४.०७ सापडायला हवी. सापडली ३.९.

तुम्ही हे करताना तीन गोष्टी वजा कराव्या लागतात. जालकाची उष्मा: त्यासाठी लुटेशियम किंवा यिट्रियम टायटनेटसारखा चुंबकत्व नसलेला सख्खा भाऊ मोजा. ग्रीस आणि तबकडीची उष्मा: ती आधी, रिकामी मोजा. आणि अणुकेंद्राची उष्मा: होल्मियमचं केंद्रक ०.३ केल्विनजवळ एवढं मोठं टेकाड उभं करतं की खालचं काही दिसेनासं होतं. एन्ट्रॉपीचा हा प्रयोग डिस्प्रोसियमवर झाला त्याचं एक कारण हेच. न्यूट्रॉनला होल्मियम, उष्मेला डिस्प्रोसियम, असं हे अवघड जागेचं दुखणं आहे. भुकटीत उष्णता पोचत नाही म्हणून चांदीची भुकटी मिसळून दाबा, आणि तिचीही उष्मा वजा करा.

आणि थांबायचं कशासाठी? अर्ध्या केल्विनच्या खाली हे स्पिन इतके संथ होतात की नमुना समतोलात यायला तासन्‌तास, कधी दिवस लागतात. २०१३ मध्ये एका गटाने भरपूर थांबून मोजलं तर शिल्लक एन्ट्रॉपी नाहीशी होताना दिसली. स्पिन आइसच्या पायालाच धक्का! २०१८ मध्ये प्रमाण काटेकोर राखलेल्या नमुन्यावर पुन्हा मोजलं तेव्हा पॉलिंगची एन्ट्रॉपी जागेवर होती. मधल्या काळात जे वाद झाले त्यांचा निकाल शेवटी नमुन्यात कोणता अणू कुठे आहे या प्रश्नापाशी आला.

फ्लुओराइट झिर्कोनेटमध्ये मात्र क्षेत्राविना पॉलिंगची शिल्लक सापडत नाही. चतुष्फलकच उरले नाहीत तर नियम कुणाला लावायचा? याच्या उलट, होल्मियम टायटनेटमध्ये टायटेनियमच्या जागी मुद्दाम जादा होल्मियम कोंबत नेलं तर शिल्लक एन्ट्रॉपी फारशी हलत नाही, असं २००६ मध्ये दिसलं. डिसऑर्डर वाढला म्हणजे सगळं विस्कटणारच, असा नियम करून टाकू नका.

पायरी ७: नाव ठेवताना

२०१५ मध्ये यटर्बियम मॅग्नेशियम गॅलियम ऑक्साइड पुढे आलं. यटर्बियमचे सुबक त्रिकोणी थर, शेजारी स्पिनांमधल्या परस्परक्रियेची ताकद चारेक केल्विनची, आणि कितीही थंड केलं तरी चुंबकीय क्रम नाही. उष्मा तापमानाच्या दोन-तृतीयांश घाताच्या जवळपास बदलते. २०१६ मध्ये न्यूट्रॉनला धारदार लाटांऐवजी पसरट सातत्य दिसलं. क्वांटम स्पिन लिक्विडची (कितीही थंड केलं तरी स्पिन गोठत नाहीत अशा अवस्थेची) सगळी लक्षणं. पण यटर्बियमच्या थरांमधल्या थरात मॅग्नेशियम आणि गॅलियम एकाच जागेवर निम्मे-निम्मे, चिठ्ठ्या टाकून बसलेत. एकाचा भार दोन, दुसऱ्याचा तीन. ते स्वतः चुंबकीय नाहीत, म्हणून सुरुवातीला निरुपद्रवी वाटले. पण शेजारी कोण आलंय त्यावर प्रत्येक यटर्बियमचं विद्युतक्षेत्र बदलतं, ऊर्जापातळ्या पसरतात, शेजाऱ्यांमधल्या ताकदी जागोजागी निराळ्या होतात. उष्णतेच्या वहनात स्पिनांचा वाटा सापडेना. २०१७ मध्ये गणिताने दाखवलं की एवढा डिसऑर्डर स्पिन लिक्विडची हुबेहूब नक्कल करू शकतो, आणि २०१८ मध्ये एसी मोजमापात ०.१ केल्विनजवळ वारंवारतेनुसार सरकणारं शिखर सापडलं, ग्लासचं लक्षण. त्यानंतर पुष्कळ जण सोडियम यटर्बियम ऑक्साइडसारख्या, ही सरमिसळ नसलेल्या संयुगांकडे वळले.

उलटी बाजूही आहे. यिट्रियम मॉलिब्डेट (इथे चुंबकीय काम मॉलिब्डेनम करतो) २२ केल्विनला स्पिन ग्लास होतं, थीटा उणे २०० च्या आसपास, आणि एक्सआरडीत सगळे अणू जागच्या जागी. सरासरी रचना शहाणी दिसते. अणू जागेवरून किंचित सरकलेत हे स्थानिक रचना बघणाऱ्या तंत्रांनी दाखवलं.

म्हणून थीसिसमध्ये किंवा पेपरमध्ये 'ग्लास', 'लिक्विड', 'आइस' लिहिण्याआधी वहीत एक पान काढा. डावीकडे निरीक्षण, उजवीकडे तेच निरीक्षण डिसऑर्डरने कसं आलं असतं ते. उजवी बाजू रिकामी राहिली तरच डावीकडचं नाव वापरा.

आणि सगळी मोजमापं एकाच बॅचवर करा. स्क्विडला एक बॅच, उष्मेला दुसरी, न्यूट्रॉनला तिसरी, असं झालं की तीन वेगळ्या वस्तूंचा एकच निष्कर्ष लिहावा लागतो. म्हणून पहिल्यांदाच दहा-बारा ग्रॅम करा, आणि त्यातला ग्रॅमभर बाटलीत बाजूला ठेवून द्या. बाटलीवर तारीख, शेवटच्या भट्टीचं तापमान, थंड करण्याचा वेग आणि वहीचं पान लिहा. पेन्सिलने लिहा, अॅसिटोनचा हात लागला की पेनाची शाई जाते.